ईरी सरोवर आणि आमची श्रावणी

जन्मभर पंचगंगेच्या काठी राहिलेल्या मनुष्यास साठी उलटल्यावर परदेशगमनाचा योग यावा, ही गोष्ट त्याची त्यालाच प्रथम खरी वाटत नाही. माझेही तसेच झाले. मॅट्रिक झाल्यावर पाठशाळेत काव्य-व्याकरणाचे अध्ययन केले आणि पुढे कोल्हापुरातील एका शाळेत बत्तीस वर्षे संस्कृत शिकविले. त्या अवधीत प्रवास म्हणजे नरसोबाची वाडी, पंढरपूर आणि एकदाच काय ती काशी. परंतु धाकटी कन्या व जावई गेली बारा वर्षे अमेरिकेतील ओहायो संस्थानात टोलेडो या गावी राहतात, आणि "अण्णा, तुम्ही दोघे एकदा येऊन जा," हा तिचा आग्रह दर दिवाळीस वाढतच गेला. अखेर सन २०२४ च्या जुलै महिन्यात आम्ही उभयतांनी विमानात पाऊल ठेवले. विमानाची, उंच इमारतींची आणि रुंद रस्त्यांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. म्हणून ती सोडून, तेथील एका सरोवराने मला जे शिकविले तेवढेच येथे निवेदन करतो.

टोलेडो हे गाव ईरी सरोवराच्या पश्चिम टोकास, मॉमी नदीच्या मुखाशी वसलेले आहे. सरोवर म्हटले की आम्हा कोल्हापूरकरांच्या डोळ्यांपुढे रंकाळा उभा राहतो. परंतु या सरोवराची लांबी सुमारे ३९० किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरहून मुंबईस जावे एवढी, आणि रुंदी ९० किलोमीटरपर्यंत आहे. समोरचा काठ दिसत नाही, लाटा येतात, दीपगृहे आहेत. खारट वास तेवढा नाही. उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांपैकी हे सर्वांत उथळ असून, त्यातही पश्चिमेकडील भाग सरासरी सात-साडेसात मीटरच खोल आहे. सुमारे एक कोटी दहा लाख लोक याचे पाणी पितात, आणि हेच पाणी पुढे नायगाऱ्याच्या जगप्रसिद्ध धबधब्यावरून खाली उडी घेते. उन्हाळ्यात शनिवार उजाडला की मोटारीमागे चाकांच्या गाड्यावर होडी बांधून कुटुंबेच्या कुटुंबे सरोवराकडे निघतात. आपल्याकडे जत्रेस निघालेल्या बैलगाड्यांची जी शोभा, तीच या होड्यांची.

त्या वर्षी श्रावणी पौर्णिमा १९ ऑगस्टला, सोमवारी आली होती. गेल्या पन्नास वर्षांत माझी श्रावणी नदीवाचून कधी झाली नव्हती. तेव्हा मनाशी ठरविले की, एवढे समुद्रासारखे गोडे पाणी दाराशी असता स्नानगृहातील झारीखाली श्रावणी उरकणे हा आळस होय. स्नान सरोवरातच करावयाचे. जागा पाहून ठेवावी म्हणून आदल्या शनिवारी सर्व मंडळी सरोवराच्या काठी गेलो. दहा वर्षांचा नातू पुढे धावत होता. त्याला दुसऱ्या दिवशी नौकाविहाराचे वचन मिळाले होते.

वारा अगदी पडला होता. काठाजवळचे पाणी हिरवेगार दिसत होते, जणू कोणी रंगाचा हंडा ओतला असावा. मला त्यात यत्किंचितही भय वाटले नाही. कालिदासाने शकुंतलेच्या रूपाला शेवाळाने वेढलेल्या कमळाची उपमा दिली आहे, हे बत्तीस वर्षे मुलांना शिकविलेल्या मनुष्यास शेवाळ हा पाण्याचा अलंकारच वाटणार! मी वहाणा काढल्या, खाली वाकलो, हात बुडविला, आणि सवयीने आचमनासाठी ओंजळीतले पाणी ओठांपाशी नेले.

"आजोबा, थांबा! पिऊ नका!"

नातू मागून ओरडत आला आणि त्याने माझ्या मनगटावर फटका मारला. ओंजळ सांडली. पाठोपाठ कन्या धावत आली. तिने पिशवीतील बाटलीच्या पाण्याने साबण लावून माझे हात असे धुतले की, जणू मीच दोन वर्षांचे मूल आहे. मग तिने बोट करून एक पाटी दाखविली. या पाण्यात विषारी शेवाळ आहे. मुले, गर्भवती स्त्रिया व पाळीव प्राणी यांना पाण्यापासून दूर ठेवावे, पाणी गिळू नये, अशा आशयाचा मजकूर तीवर होता. मला क्षणभर रागच आला. पाण्याला हात लावू नका, हे आम्ही इतरांना ऐकविल्याची साक्ष महाडच्या चवदार तळ्याने सन १९२७ मध्ये साऱ्या देशास दिली आहे. ते वाक्य ऐकून घेण्याची पाळी माझ्यावर मात्र प्रथमच आली. तेथे मनुष्याच्या गर्वाने पाणी बंद केले होते, येथे पाण्यानेच मनुष्यास बंदी केली होती.

ज्याला लोक शेवाळ म्हणतात ते खरे पाहता शेवाळ नव्हे. तो निळसर-हिरवा सूक्ष्म जीवाणू होय. ईरीत जो विशेषेकरून माजतो त्याचे नाव मायक्रोसिस्टिस. त्याच्या शरीरात हवेच्या अतिसूक्ष्म कुप्या असतात. त्यांच्या योगाने वारा शांत असला की तो वर तरंगून येतो आणि पाण्यावर साय धरतो, वारा सुटला की पाण्यात मिसळून दिसेनासा होतो. त्याच्यापासून मायक्रोसिस्टिन नावाचे विष उत्पन्न होते आणि ते यकृतावर घाला घालते. कुत्री पाण्यात पोहून आली की अंगाचे केस चाटतात, त्यामुळे विष पोटात जाऊन दगावतात. मौज अशी की, प्रत्येक हिरवे पाणी विषारी असतेच असे नाही आणि विषारी पाणी डोळ्यांना ओळखूही येत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात या विषाच्या प्रमुख प्रकाराची मर्यादा एका लिटरात एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, एवढीच ठेवली आहे.

घरी परतताना मोटारीत कन्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अण्णा, तुम्हाला तो २०१४ सालचा टेलिफोन आठवतो का?"

मला आठवत होता. २ ऑगस्ट २०१४, शनिवार. त्या दिवशी पहाटेपूर्वी दोनच्या सुमारास टोलेडोच्या कारभाऱ्यांनी जाहीर केले की, नळाच्या पाण्यात सरोवरातील शेवाळाचे विष उतरले आहे. ते कोणी पिऊ नये. सरोवराच्या आत काही मैलांवर जेथून शहराचे पाणी खेचतात, तेथेच ती हिरवी साय जमली होती. चार लाखांहून अधिक लोकांचे पाणी एका रात्रीत तुटले. उजाडेपर्यंत दुकानांतील बाटल्या संपल्या. लोक मोटारी घेऊन शेजारच्या संस्थानांत पाणी शोधीत गेले. राज्यपालांनी आणीबाणी पुकारली आणि सैनिक पाणी वाटू लागले. आमचा हा नातू तेव्हा सात आठवड्यांचा होता आणि त्याचे दूध भुकटीत पाणी घालून करावे लागे. कन्या एकटी होती. जावईबापू कामानिमित्त परगावी गेले होते. तिकडे सकाळ आणि आमच्याकडे दुपारचे साडेचार वाजले असताना तिचा टेलिफोन आला, आणि मी मोठ्या अधिकाराने सांगितले, "अगं, त्यात घाबरायचे काय? पाणी चांगले वीस मिनिटे उकळ, दुहेरी फडक्याने गाळ, आणि दे बाळाला."

ती म्हणाली, "अण्णा, उकळू नका असेच सांगितले आहे."

मी म्हणालो, "ते लोक काहीतरीच सांगतात. उकळल्यावर पाण्यात काय राहणार?"

काय राहणार, ते मला दहा वर्षांनी समजले. कढविल्याने रोगजंतू मरतात हे खरे. परंतु हे विष जंतू नव्हे, जंतूच्या शरीरातील द्रव्य आहे. उष्णतेने त्याचा नाश होत नाही. उलट पाणी उकळले की त्या जीवाणूची शरीरे फुटून विष बाहेर पडते, आणि पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या उपायाने आपल्या आजी-पणजींनी मुले वाचविली, तोच उपाय येथे घातक! कन्येने माझे ऐकले नाही. बाळाला मागे बसवून तिने ऐंशी मैल मोटार हाकली आणि पाण्याच्या दोन पेट्या आणल्या. पण मी दुखावेन म्हणून हे मला कधी कळविले मात्र नाही. सोमवारी, ४ ऑगस्टला, महापौरांनी सर्वांसमक्ष नळाचे पेलाभर पाणी पिऊन संकट टळल्याचे जाहीर केले. त्या दिवशी तिकडून पुन्हा टेलिफोन आला तेव्हा मी म्हणालो होतो, "पाहिलेस? उगाच घाबरलीस." मोटारीत मला ते वाक्य आठवले आणि बोलता येईना. घराशी उतरताना एवढेच म्हणालो, "तू त्या वेळी माझे ऐकले नाहीस, हे फार बरे केलेस." ती हसली, पण डोळे पुसावे लागले ते तिलाच.

तीर्थस्नान बुडाले तरी नातवाचे वचन पाळणे प्राप्त होते. टोलेडोच्या पूर्वेस पोर्ट क्लिंटन नावाचे मासेमारीचे बंदर आहे. वॉलआय नावाच्या माशावर त्या गावाची एवढी भक्ती की, नववर्षाच्या मध्यरात्री तेथे त्या माशाची भली मोठी प्रतिकृती दोरीने खाली उतरवितात. जावयांच्या ओळखीचे एक वृद्ध तांडेल आपली मोटारहोडी घेऊन तेथे वाट पाहत होते. अंगात तरंगती जाकिटे घालून आम्ही बसलो. निघण्यापूर्वी त्यांनी सरकारी खात्याचा नकाशा पाहिला. तेथे उपग्रहातून सरोवर पाहून शेवाळाचा पट्टा कोठे आहे आणि वाऱ्याने तो कोठे सरकेल, याचे भाकीत प्रसिद्ध करतात. आपल्याकडे कोळी वारा आणि भरती पाहतो, येथील नावाडी त्याखेरीज पाण्याचा रंगही पाहतो.

बंदराबाहेर पाणी निळे होते. पुढे एके ठिकाणी हिरवे पट्टे लागले. तांडेलाने होडीचा वेग एकदम कमी केला. नातवाने कारण विचारताच ते म्हणाले, "वेगाने गेलो तर तुषार उडतील आणि ते तुझ्या नाकातोंडात जातील." नातवाचा हात सवयीने काठावरून खाली लोंबत होता, तो त्यांनी आत घ्यावयास लावला. मासे पकडले तर ते स्वच्छ पाण्याने धुवावे, आतडी-यकृत टाकून द्यावे. होडी घरी नेल्यावर धुवून, आतील पाणी काढून कोरडी करावी, म्हणजे एका तळ्याची पीडा दुसऱ्या तळ्यास जात नाही. हे सर्व नियम ते संध्येच्या क्रमासारखे न चुकता सांगत होते. मग त्यांनी हातात रबरी मोजे घालून एका काचेच्या बरणीत ते हिरवे पाणी भरले, झाकण घट्ट लावले आणि बरणी एका कोपऱ्यात स्थिर ठेवली.

साऊथ बॅस नावाच्या बेटावर आम्ही उतरलो. तेथे ३५२ फूट उंचीचा एक स्तंभ आहे. १० सप्टेंबर १८१३ रोजी या सरोवरात इंग्रजांच्या व अमेरिकनांच्या आरमारांची लढाई झाली. तीत अमेरिकन सेनानी पेरी विजयी झाला. परंतु स्तंभ केवळ विजयाचा नव्हे. इंग्लंड, कॅनडा व अमेरिका यांच्यात पुढे टिकलेल्या शांततेचाही तो स्मारक आहे. समोरच्या जिब्राल्टर नावाच्या चिमुकल्या बेटावर ओहायो स्टेट विद्यापीठाची, १८९५ साली स्थापन झालेली, सरोवर-प्रयोगशाळा आहे. होड्यांचे तांडेलही तेथील शास्त्रज्ञांसाठी पाण्याचे नमुने भरून आणतात, असे आमच्या तांडेलांनी अभिमानाने सांगितले. "शेवाळ आले की गिऱ्हाईक येत नाही. म्हणून आम्हीच पहारेकरी झालो," हे त्यांचे शब्द. परत होडीत येऊन पाहतो, तो बरणीतील हिरवेपणा वर जाऊन त्याची जाड साय झाली होती आणि खालचे पाणी बहुतेक स्वच्छ दिसत होते. नातू बराच वेळ ती बरणी पाहत राहिला.

परतीच्या मार्गावर दोन्ही बाजूंस मका व सोयाबीन यांची सपाट शेते लागली. मी विचारले, "हे विष सरोवरात टाकतो तरी कोण?" जावईबापू म्हणाले, "अण्णा, कोणीच टाकीत नाही. हा शेतकरी आपल्या मक्याला जेवू घालतो, एवढेच."

मॉमीच्या खोऱ्यात पूर्वी 'ग्रेट ब्लॅक स्वॅम्प' नावाची प्रचंड दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसाहतकऱ्यांनी चर खणून आणि जमिनीखाली भाजलेल्या मातीच्या नळ्या घालून तिचा निचरा केला. जमीन सोन्यासारखी पिकू लागली. परंतु ती दलदल म्हणजे सरोवराची गाळणी होती, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. आता शेतात घातलेल्या रासायनिक खतातील व जनावरांच्या मलमूत्रातील स्फुरद पावसाबरोबर त्या नळ्यांतून ओढ्यात, ओढ्यातून मॉमीत आणि मॉमीतून उथळ, उबदार सरोवरात उतरते. मार्च ते जुलै या महिन्यांत जेवढे स्फुरद वाहून येते, बहुतांशी तेवढ्या मानाने त्या वर्षीचे शेवाळ माजते. आयुर्वेदात अजीर्णास अनेक रोगांचे मूळ मानले आहे. सरोवरास झालेला रोग हाच होय. त्याला कोणी विष पाजले नाही. त्याला अन्न अधिक झाले, आणि त्या अन्नाचेच विष बनले.

हा रोग नवा नाही. सन १९६० नंतरच्या दशकात ईरी सरोवर 'मेले' असे वृत्तपत्रे लिहीत. २२ जून १९६९ रोजी त्याला मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरील तेलकट घाणीने पेट घेतला. डॉक्टर स्यूस यांनी १९७१ साली 'द लोरॅक्स' या बालपुस्तकात ईरीच्या दुर्दशेचा उल्लेख केला. मग १९७२ साली अमेरिका व कॅनडा यांनी महासरोवरांच्या पाण्याविषयी करार केला. कपडे धुण्याच्या चूर्णातील फॉस्फेट कमी केले, शहरांचे सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्था केली. आणि आश्चर्य असे की, दहा-पंधरा वर्षांत सरोवर सुधारले! ओहायोतील दोघा सरोवर-अभ्यासकांनी लिहून कळविल्यावर स्यूस यांनी ते वाक्य पुढील आवृत्त्यांतून काढून टाकले. नातवाच्या कपाटातील प्रतीत ते वाक्य नाही. आम्ही दोघांनी ती प्रत मुद्दाम उघडून पाहिली.

परंतु सुमारे १९९५ नंतर शेवाळ परत आले. १९८८ च्या सुमारास जहाजांच्या पोटातील पाण्याबरोबर आलेला पट्टेदार झेब्रा शिंपला पाण्यातील निरुपद्रवी शेवाळ खातो आणि हे विषारी तेवढे थुंकून टाकतो. त्यानेही भर घातली. २०११ व २०१५ या वर्षी तर शेवाळाने पूर्वीचे उच्चांक मोडले. स्फुरद २०२५ पर्यंत शेकडा ४० ने कमी करण्याचे वचन ओहायो, मिशिगन व ऑन्टारिओ यांनी २०१५ साली दिले. ते पुरे झाले नाही. कारखान्याच्या एका नळास बूच मारता येते. हजारो शेतांतून झिरपणाऱ्या सदिच्छेस बूच कोठे मारावयाचे? फेब्रुवारी २०१९ मध्ये टोलेडोच्या नागरिकांनी मतदानाने सरोवरालाच हक्क दिले; वर्षभराने, फेब्रुवारी २०२० मध्ये, न्यायालयाने तो कायदा रद्द केला. आपल्याकडेही उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा-यमुनांना व्यक्तीचा दर्जा दिला आणि त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. पाण्याला देवता मानणे आपणांस सोपे गेले. पाण्याला शेजारी मानणे कोणत्याच देशास अद्याप साधलेले नाही. मनुस्मृतीत मलमूत्र, थुंकी, रक्त, विष इत्यादी पाण्यात टाकू नये असा स्पष्ट निषेध आहे. परंतु अन्न टाकू नये, असे स्मृतिकारांस तरी कोठून सुचावे!

सोमवारी पहाटे मी झारीखालीच स्नान केले. टोलेडोत आता पाण्याची वरचेवर तपासणी होते आणि विष शोषून घेणारी कोळशाची पूड घालून पाणी शुद्ध करतात. तेच नळाचे पाणी तांब्यात घेऊन श्रावणीस बसलो. नातू जवळ येऊन बसला. कलशात गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू व कावेरी यांना आवाहन करून मी त्याला अर्थ सांगितला. त्याने तांब्यात डोकावून विचारले, "आजोबा, हे पाणी तर इथले आहे. मग यात मॉमीचे नाव का नाही?"

बत्तीस वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. या प्रश्नाला उत्तर सुचले नाही. नाव न घेतलेल्या नदीची काळजी कोण घेणार? शेवटी आम्ही दोघांनी मिळून आठवे नाव घेतले. शास्त्री मंडळींनी क्षमा करावी.

ऑक्टोबरात आम्ही परत आलो. पहिल्याच संध्याकाळी रंकाळ्यावर फिरावयास गेलो. होड्या होत्या, भेळेच्या गाड्या होत्या, मुलांची किलबिल होती. आणि एका कोपऱ्यात, वारा नव्हता तेथे, पाण्यावर तीच हिरवी साय होती. ती विषारी होती की नव्हती, हे तेथे उभा राहून मी सांगू शकत नव्हतो. दुसरे कोणीही सांगू शकले नसते. तळ्याभोवतालच्या वस्तीचे सांडपाणी, आमच्या घरातील साबणाचा फेस, आणि दूरवरच्या उसाच्या फडांत आवश्यकतेहून अधिक पडणारी खताची पोती ही सारी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. यांपैकी काहीच वाईट हेतूने झालेले नाही. मॉमीच्या काठीही झाले नव्हते.

पायऱ्यांवर एक लहान मुलगी पाण्यात हात घालून ती साय चाळवीत होती. तिची आई भेळ घेण्यात गुंतली होती. मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "बाळ, हात काढ. आणि घरी गेल्यावर साबणाने धू." तिने हात काढला, पण माझ्याकडे असे पाहिले की, जणू हा म्हातारा उगाच भिववितो आहे. मला तिचा राग आला नाही. दोन महिन्यांपूर्वी मी तरी कोठे पाटी वाचली होती!